टाच तीच, मशीन तेच, मग मावशी आधी बरी कशी झाली?

(हे एपिसोडचं लेखी रूप. अडखळणं, खोकणं आणि मध्येच वाजलेला कुकर काढून टाकलाय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

[००:००]

मागच्या महिन्यात रत्नागिरीतून, मांडवीतून, एका मुलाची व्हॉइस नोट आली. त्याला विचारून तिचा सार सांगतोय, नाव सांगू नको म्हणालाय.

"दादा, माझी आई आणि मावशी दोघींनाही टाचदुखी. दोघींना एकाच डॉक्टरांनी शॉकवेव्ह सांगितली. मशीन तेच, करणारी ताई तीच. मावशी तीन सिटिंगनंतर आरामात जिना चढायला लागली. आईची चार झाली तरी सकाळी भिंत धरून उठते. आता म्हणते पाचवी नको, पैसे फुकट चाललेत. तुम्ही टेक्निकल माणूस आहात, सांगा ना, मशीनमध्ये गडबड आहे का आईमध्ये?"

आई मासळी विकते, पहाटेपासून उभी. तिला सात-आठ वर्षांपासून शुगर आहे. मावशी घरी शिवणकाम करते. या दोन वाक्यांत अर्धं उत्तर आलंय, पण ते का आलंय हे कळायला जरा आत शिरावं लागेल.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. त्यामुळे पाचवी सिटिंग घ्यायची की नाही हे मी सांगणार नाही, ते तिचे डॉक्टर सांगतील. पण एकच प्रोग्रॅम दोन मशीनवर वेगळा चालला तर आम्ही लगेच प्रोग्रॅमला शिव्या देत नाही, आधी दोन्ही मशीन उघडून बघतो. तेवढंच करू.

[०१:५०] यात करंट नसतो

पहिली गोष्ट. "शॉक" म्हटलं की आपल्याकडे लोकांना वायरमन आठवतो. यात वीज अंगात जात नाही. हे आवाजाच्याच जातीचे, फार जोरदार आणि फार थोड्या वेळाचे दाबाचे ठोके आहेत.

याचा जन्म किडनी स्टोनमधून झाला. डॉर्निए ही जर्मनीतली विमानं बनवणारी कंपनी. वेगात उडणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आपटले की धातूच्या आत काय होतं, यावर त्यांचं काम चालू होतं. त्यातून शरीराबाहेरून लाटा सोडून आतला खडा फोडायची कल्पना पुढे आली आणि ७ फेब्रुवारी १९८० ला म्युनिकमध्ये पहिल्या पेशंटचा मुतखडा असा फोडला गेला. हाडं, सांधे, स्नायूंच्या दोऱ्या यांच्याकडे ही गाडी नंतर वळली. अमेरिकेत टाचदुखीसाठी अशा मशीनला परवानगी मिळाली ती २००० साली.

या इतिहासामुळे एक गैरसमज घरोघरी बसलाय. एक्स-रेमध्ये टाचेला काट्यासारखं हाड दिसतं, डॉक्टर म्हणतात "हाड वाढलंय", आणि आपल्याला वाटतं मशीन तो काटा खड्यासारखा फोडणार. तसं होत नाही. मुतखड्यात काम फोडायचं असतं, टाचेत काम डिवचायचं असतं. काटा बहुतेक वेळा होता तिथेच राहतो, आणि दुखणं जातं. तसे काटे ज्यांना काहीच दुखत नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही सापडतात.

मग डिवचायचं म्हणजे कुणाला? टाचेच्या हाडापासून बोटांकडे जाणारा एक जाड, चिवट पट्टा असतो. त्याच्या मुळाशी रोजच्या ताणाने बारीक बारीक इजा होतात आणि एका टप्प्यानंतर शरीर ती दुरुस्ती अर्धवट टाकून देतं. कॉन्ट्रॅक्टर काम सोडून पळाल्यासारखं. ठोके बसले की तिथल्या पेशींना पुन्हा काहीतरी घडतंय अशी खबर लागते. त्या वाढीची रसायनं सोडतात, बारीक रक्तवाहिन्या फुटतात, दुखण्याचा निरोप नेणाऱ्या नसा काही काळ मंदावतात. तैवानमधल्या संशोधकांनी २००३ मध्ये सशांवरचा एक अभ्यास छापला. त्यात वाढीची रसायनं पहिल्या आठवड्यातच वाढलेली दिसली, पण नव्या रक्तवाहिन्या दिसायला साधारण चार आठवडे लागले आणि त्या बारा आठवड्यांनंतरही टिकून होत्या.

म्हणजे मशीन दुरुस्ती करत नाही. दुरुस्तीची ऑर्डर देतं. काम शरीर करतं, शरीराच्या वेगाने. दोन बायकांच्या टाचांचा वेग वेगळा निघाला, तर चौकशी दुरुस्ती करणाऱ्याची करायला हवी.

[०४:४०] पण दोघींचं दुखणं खरंच एकच होतं?

हा प्रश्न लोक विचारतच नाहीत. "टाचदुखी" हे आजाराचं नाव नाही, तो पत्ता आहे. त्या पत्त्यावर बरेच भाडेकरू राहतात. मघाचा पट्टा, टाचेखालची चरबीची गादी झिजलेली, घोट्याजवळ दबलेली नस, हाडाला गेलेली केसासारखी चीर, मागून येणारी पिंढरीची दोरी, कधी तर कमरेतून आलेलं दुखणं. नस दबलेली असेल आणि ठोके पट्ट्यावर मारले, तर चार काय, चौदा सिटिंग करा.

ओळखायची एक ढोबळ खूण अशी. सकाळचं पहिलं पाऊल काट्यावर पडल्यासारखं आणि चार पावलं चालल्यावर जरा सैल, तर ते पट्ट्याकडे बोट दाखवतं. रात्री झोपेतही जळजळ, मुंग्या, बधिरपणा असेल तर नसेचा विचार करावा लागतो. आणि शुगर असलेल्या माणसात हे दोन्ही एकाच पायात असू शकतं. पट्ट्याचं दुखणं कमी झालं तरी नसेची जळजळ तशीच राहते, आणि बाई म्हणते "काही फरक नाही".

खांद्याचंही असंच. "खांदा आखडला" म्हणून दोघं जातात. एकाच्या दोरीत कॅल्शियमचा गोळा असतो, दुसऱ्याचा सांध्याचा पडदाच आवळलेला असतो. कॅल्शियमच्या गोळ्यावर शॉकवेव्हचे पुरावे चांगले आहेत. त्यातही कडा स्पष्ट असलेला टणक गोळा वेगळा आणि ढगासारखा पुसट झालेला गोळा वेगळा. पुसट झालेला बऱ्याचदा आपोआपच विरघळायच्या मार्गावर असतो. त्याला तीन ठोके मारले तरी श्रेय मशीनलाच.

[०६:३०] "तेच मशीन" म्हणजे नक्की काय तेच?

बाजारात या नावाखाली दोन वेगळी यंत्रं आहेत. एकात दाबाची हवा नळीतल्या छोट्या धातूच्या गोळीला ढकलते, ती टोकावर आपटते आणि ठोका त्वचेवर बसून आत पसरत जातो. सगळ्यात जास्त जोर वर, खोल जाईल तसा कमी. याला रेडियल म्हणतात. दुसऱ्यात लाटा भिंगासारख्या आत ठरावीक खोलीवर एकत्र केल्या जातात, ते फोकस्ड. टाच उथळ असते, तिथे दोन्ही चालतात. खोलवरच्या जागेसाठी फरक पडतो.

मशीन तेच असलं तरी डोस तोच असेल असं नाही. दाब किती, ठोके किती, टोक नेमकं कुठे. खांद्याच्या कॅल्शियमवर २००३ मध्ये छापलेल्या एका मोठ्या चाचणीत कमी ताकदीचे ठोकेसुद्धा नकली उपचारापेक्षा सरस ठरले, पण जास्त ताकदीचे त्याहून सरस ठरले. आता गंमत बघा. ठोके दुखतात. एक पेशंट दात दाबून सहन करतो, दुसरी "आई गं" म्हणते आणि ताई दयेने दाब कमी करते. रजिस्टरमध्ये दोघींच्या नावापुढे "सिटिंग ३" एवढंच लिहिलेलं असतं.

मग इंजेक्शनने जागा बधिर करून का मारत नाहीत? करून पाहिलंय. निकाल उलटा आला, बधिर केलेल्या जागेवर फायदा कमी दिसला. एक कारण असं असावं की नेमकं कुठे दुखतं हे पेशंटच सांगतो आणि ताई टोक तिथे नेते. बधिर पायाला ते सांगता येत नाही. शुगरमुळे ज्यांच्या तळपायाची जाणीवच कमी झालीय, त्यांनाही हा पत्ता नीट सांगता येत नाही. त्या मुलाच्या आईबाबतीत हे तपासण्यासारखं आहे.

[०८:२०] शुगर, विडी आणि वय

शुगरचं थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात एक मीटर आहे.

पट्टा असो की दोरी, मुख्य माल कोलॅजन नावाचं प्रथिन. त्याचे धागे एकमेकांवरून थोडे सरकतात म्हणून ताण सहन होतो. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की ती या धाग्यांना चिकटते आणि धाग्यांमध्ये नको तिथे गाठी पडतात. चिक्कीचा पाक गार झाला की दाणे जसे धरून ठेवतो, तसं. पट्टा कडक होतो. कोलॅजन फार हळू बदलतं, त्यामुळे महिनाभर भात सोडला म्हणून या गाठी सुटत नाहीत. वर बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान, म्हणजे दुरुस्तीचा माल यायचा रस्ताच अरुंद. मधुमेहींमध्ये आखडलेला खांदा आणि अडकणारं बोट जास्त का दिसतं, त्याच्याही मागे हीच भानगड आहे.

याचा अर्थ शुगरवाल्यांना उपयोग होत नाही असा नाही. मुदत जास्त लागू शकते, एवढाच.

तंबाखूचं थोडक्यात. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि आपण पैसे भरून तिथेच रक्तवाहिन्या वाढवायला निघालोय. वय वाढलं की दुरुस्ती मंदावते. फ्लोरोक्विनोलोन गटातली काही अँटिबायोटिक्स दोऱ्यांना इजा करू शकतात, तेव्हा अलीकडे मोठं इन्फेक्शन झालं असेल तर कुठल्या गोळ्या घेतल्या ते डॉक्टरांना सांगा. टाचेत आधी स्टेरॉइडची इंजेक्शनं झाली असतील तर तेही. त्याने दुखणं पटकन उतरतं, पण वारंवार घेतली तर पट्टा आणि चरबीची गादी दोन्ही कमजोर होऊ शकतात.

[१०:१०] उरलेला आठवडा

आता माझ्या मते सगळ्यात मोठं कारण, आणि ते क्लिनिकच्या बाहेर आहे.

हिशोब करू. एका सिटिंगला साधारण २००० ठोके. सेकंदाला १० धरले तर ३ मिनिटं २० सेकंद. आठवड्यात तास १६८. म्हणजे उपचार साडेतीन मिनिटं, आणि उरलेले जवळजवळ १६८ तास टाच तुमच्या ताब्यात.

मावशी शिलाई मशीनवर बसते. पाय हलतो, पण अंगाचा भार खुर्चीवर. आई पहाटे बंदरावर, मग टोपली, मग बाजारात ओल्या सिमेंटवर पातळ स्लिपरमध्ये उभी. घरी येऊन जांभ्या दगडाच्या पायऱ्या अनवाणी. संध्याकाळी कुणीतरी सांगितलं म्हणून मांडवीच्या काळ्या वाळूवर "पाय मोकळे करायला" फिरणं. वाळू मऊ असते म्हणून टाचेला बरी, असं सगळे म्हणतात. पण मऊ वाळूत टाच खाली रुतते आणि पट्टा व पिंढरी दर पावलाला जास्त ताणली जाते, त्यात किनारा समुद्राकडे उतरता, म्हणजे एक पाय कायम खाली. दुखत असताना त्यापेक्षा जेटीवरचा सपाट रस्ता बरा, चांगली चप्पल घालून.

मग पूर्ण झोपून राहायचं का? तेही नाही. कोलॅजनचे नवे धागे कुठल्या दिशेला विणायचे हे त्यांना ताणामुळेच कळतं. ताण शून्य केला तर वीण वेडीवाकडी. जास्त केला तर पुन्हा उसवणार. म्हणून चांगला फिजिओ ठोक्यांबरोबर व्यायाम देतोच. पिंढरीच्या मागच्या दोरीवर, म्हणजे अकिलिस टेंडनवर, २००९ मध्ये छापलेल्या चाचणीत नुसत्या व्यायामापेक्षा व्यायाम अधिक शॉकवेव्ह सरस ठरलं. उलट, टाचदुखी सुरू होऊन सहा आठवडेही झाले नसतील अशा लोकांवरच्या २०१० च्या चाचणीत पट्ट्याचा साधा ताण-व्यायाम शॉकवेव्हपेक्षा चांगला निघाला. म्हणजे ताज्या दुखण्याला थेट मशीनकडे धावायची गरजच नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण यात पैसे वाचतात.

डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात लोकांना पायरीवर उभं राहून, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, सावकाश टाच उचलायला लावलं. एक दिवसाआड, हळूहळू वजन वाढवत. तीन महिन्यांनी हे लोक नुसतं ताणणाऱ्यांपेक्षा पुढे होते. बारा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच. बघा हं, शेवटी सगळे त्याच गावाला पोचले, फक्त कुणी एक्सप्रेसने, कुणी पॅसेंजरने. (मांडवी एक्सप्रेस म्हणत नाही, कारण तिचं नाव गोव्याच्या मांडवी नदीवरून आहे, आपल्या मांडवीवरून नाही. यावर आमच्या घरी अजून भांडण होतं.)

मिरकरवाड्याच्या एका खलाशाने मागे विचारलं होतं की खांद्याचे शॉक बंदीच्या काळात उरकून घेऊ का. कल्पना चांगली आहे, पण गणित पुरतं बघा. यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, एकूण ६१ दिवस. पहिल्या आठवड्यात सुरू करून आठवड्याला एक अशा चार-पाच सिटिंग केल्या तर जून संपतो, कदाचित जुलै लागतो. उपचाराचा निकाल साधारणपणे बारा आठवड्यांनी मोजतात. १ ऑगस्टला बोट निघेल तेव्हा दुरुस्ती अर्ध्या रस्त्यात आणि खांदा मात्र दुखत नसेल, कारण दुखणं आधी उतरतं आणि ताकद मागून येते. त्याच दिवशी पूर्ण जोराने जाळं ओढलं की ऑगस्टअखेर परत क्लिनिक. सिटिंग मेमध्येच सुरू करता आली किंवा पहिले काही आठवडे तांडेलाशी बोलून हलकं काम मागता आलं तर फरक पडेल. मागता येतं का, हा वेगळा प्रश्न आहे. हातावर पोट असलेल्याला "विश्रांती घ्या" सांगणं सोपं असतं, आणि बरं व्हायला लागणाऱ्या वेळातला बराच फरक याच एका वाक्यात लपलेला असतो. सचिन तेंडुलकरचंच बघा. त्याला टेनिस एल्बो, मे २००५ मध्ये लंडनला ऑपरेशन, आणि भारताकडून पुन्हा बॅट धरली ती ऑक्टोबरमध्ये. उपचार वेगळा होता, पण पाच महिने हात जपायची सोय होती.

[१३:४०] मावशी कशाने बरी झाली?

आता थोडं कडू. मावशी शॉकवेव्हनेच बरी झाली हे आपल्याला माहीत नाही.

२००८ मध्ये छापलेली एक चाचणी आहे, २४५ पेशंट, सगळ्यांची टाचदुखी जुनी आणि बाकी उपाय थकलेली. अर्ध्यांना खरे रेडियल ठोके, अर्ध्यांना नकली. बारा आठवड्यांनी खऱ्या गटात साधारण ६१ टक्के लोकांना ठरवलेल्या मापाइतका आराम पडला. नकली गटात ४२ टक्के लोकांना.

हे दोन आकडे जरा वेळ समोर ठेवा. ६१ आणि ४२ मधला फरक खरा आहे, मशीनचं काम त्यात दिसतं. पण नकली ठोके खाऊनही शंभरातले ४२ सुधारले. काही काळाने, काही विश्वासाने, काही यामुळे की माणूस डॉक्टरकडे जातो तेव्हा दुखणं शिखरावर असतं आणि तिथून ते बहुधा खालीच येतं. आणि खरे ठोके घेऊनही ३९ जण बारा आठवड्यांत त्या मापापर्यंत पोचले नाहीत. आई त्या ३९ मध्ये असेल तर ती विचित्र नाही, तिचं काही चुकलंय असंही नाही. ऑस्ट्रेलियात २००२ साली छापलेल्या १६६ जणांच्या चाचणीत तर दोन्ही गट सुधारले आणि दोघांत फरकच सापडला नाही. म्हणजे पुरावे सगळे एका बाजूचे नाहीत. "शंभर टक्के गॅरंटी" असा बोर्ड दिसला तर पुढच्या दारात चौकशी करा.

[१५:१०] आईसाठी

त्या मुलाला मी उत्तरात लिहिलं ते असं.

आईची चार सिटिंग झाली, म्हणजे पहिल्या सिटिंगपासून जेमतेम महिना. इतक्यात निकाल लावू नका. ठोक्यांनंतर लगेच बरं वाटणं, मग एक-दोन दिवस जास्त ठणकणं, मग काहीच होत नाहीये असं वाटणारे दोन-तीन आठवडे, हा क्रम नेहमीचा आहे. दुसऱ्या-चौथ्या सिटिंगला लोक सोडतात ते याच सपाट भागात.

फोनच्या नोट्समध्ये रोज दोनच आकडे टाक. सकाळचं पहिलं पाऊल दहापैकी किती दुखलं, आणि बाजारात किती वेळाने बसावंसं वाटलं. आईला विचारलं तर ती "तसंच आहे" म्हणणार. आठ पासून सहावर आलेलं कुणालाच आठवत नाही, लिहिलेलं असेल तरच दिसतं.

डॉक्टरांना विचार. दुखणं पट्ट्याचंच आहे ना, नसेचं नाही ना? तळपायाची जाणीव तपासली का? मागच्या वेळी दाब कमी केला होता का? व्यायाम कुठला, आणि उभं राहायचं काम चालूच राहणार हे धरून कुठला? तीन महिन्यांची शुगर किती? ठोक्यांच्या काळात सूज उतरवणाऱ्या गोळ्या बरेच डॉक्टर टाळायला सांगतात, कारण आपल्याला तिथे थोडी खळबळ हवीच असते. पण शुगरच्या, बीपीच्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, गरोदरपण असेल, त्या जागी गाठ किंवा इन्फेक्शन असेल तर हे आधीच सांगायला हवं. तिथे हा उपचार टाळतात किंवा जपून करतात.

टाच अचानक "कट्" करून तळपाय सुजला, पाऊल टेकवेना, ताप आला किंवा बधिरपणा वाढत चालला, तर पुढच्या तारखेची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

आणि पाचव्या सिटिंगच्या पैशांतून आधी जाड तळव्याची, टाचेला आधार देणारी चप्पल घ्या, बाजारात उभं राहायला. ती घातल्यावर दोन आठवडे आकडे लिही आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा, पाचवी हवी की नको ते त्यावरून ठरवणं त्यांनाही सोपं जाईल. त्याचं उत्तर आलं, चप्पल घेतली म्हणे, पण आई ती फक्त घरात घालते, बाजारातल्या पाण्यात खराब होईल म्हणून.